फ्रिजपेक्षा हळू

कानात सतत वाजणाऱ्या शिट्टीपायी सौमित्रने हिंजवडीतली नोकरी सोडायचं ठरवलं, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले होते, "निमित्तं!" म्हणून आज त्यांनाच घेऊन तो कानाच्या क्लिनिकमध्ये आला होता. तिथल्या मॅडम त्याच्या कानातल्या शिट्टीशी जुळणारा आवाज शोधायला मशीनवर त्याला वेगवेगळे आवाज ऐकवत होत्या. आपला आवाज त्यात सापडलाच नाही तर, या धास्तीने तो प्रत्येक आवाज कान देऊन ऐकत होता.

"हीच! हीच शिट्टी!" तो अखेर ओरडला.

मॅडमनी हेडफोन काढून बाबांच्या कानांवर चढवला.

"एवढीच? आमचा फ्रिज याहून जास्त बोलतो."

मॅडमनी ती चालूच ठेवली. बाबा चुळबुळले, खुर्चीत पुढे-मागे सरकले.

"अहो, बंद करा आता!"

मॅडमनी बटण दाबलं. बाबांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मुलाकडे बघून हळूच विचारलं, "तुझी... चालूच आहे?"