पंचविशीतला झीलकरी

कीर्तनकार उमाताई घरी अभंग ध्वनिमुद्रित करत होत्या आणि लॅपटॉपच्या दुसऱ्या ट्रॅकवर त्यांचे पती दिगंबरपंत यांचाच पंचविशीतला आवाज झील धरत होता. जुन्या कॅसेटवरून एआयने जिवंत केलेला तो आवाज उमाताईंचं गाणं ऐकायचा, थांबायचा, नेमक्या जागी ओळ उचलायचा. चाळीस वर्षं मागे उभं राहून झील धरणारे पंत आज नुसते दाराशी उभे होते.

“काय गोड गळा हो!” उमाताई चक्क लाजल्या.

“लाजतेस काय? परका आहे तो! सरक, तिसरा ट्रॅक माझा.”

वरच्या षड्जावर पंतांचा आवाज फाटला. त्या तरुण आवाजाने लगेच ओळ अलगद उचलली, थकलेल्या बुवांना झीलकऱ्याने सांभाळावं तशी.

पंतांचे डोळे भरले.

“गुणी आहे मेला,” ते पुटपुटले, “म्हणूनच तर सोसवत नाही.”