पाच वाजताची कूस

डॉक्टरांनी आजींना कुशीवर घेतलं, गाउन वर सरकवला आणि पाठीवरून सावकाश बोट फिरवलं. खांदे, मणका, माकडहाड, दोन्ही टाचा. मग चष्मा पुसून पुन्हा एकदा बघितलं.

"किती महिने झाले म्हणालात?"

"सहा," विनया म्हणाली. आजी तिच्या सासूबाई.

"सहा महिने अंथरुणात, आणि एक लाल डाग नाही? अहो, मी वसईपासून विरारपर्यंत घरोघरी पेशंट बघतो. अशी पाठ नाही बघितली. तान्ह्या पोरासारखी आहे."

खाटेपलीकडे उशी धरून उभ्या असलेल्या रंभाला हसू आवरेना. तिने पदर तोंडाला लावला. चोवीस तासांची बाई म्हणून नर्सिंग ब्युरोने तिला इथे पाठवलं, त्या दिवसापासून दर दोन तासांनी ती आजींची कूस बदलत आली होती. रात्रीसुद्धा. खाटेखाली चटईवर झोपायचं आणि गजराचं घड्याळ उशीखाली दाबून ठेवायचं, म्हणजे घरच्यांची झोप मोडत नाही. चादरीला एक चुणी राहू द्यायची नाही. टँकरचं पाणी आलं नाही तर पिण्याच्या हंड्यातलं घ्यायचं, पण अंग पुसायचंच.

तिची स्वतःची पोर तेव्हा तीन महिन्यांची होती. मनवेलपाड्याच्या चाळीत सासूजवळ ठेवलेली. सासूला गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, पोर दिवस दिवस उताणी पडून राहायची. आता बसायला लागलीय, पण डोकं मागून पाटासारखं चपटं झालंय.

"मग डॉक्टर," विनयाने हळूच विचारलं, "चोवीस तास बाई लागेलच असं नाही ना आता? माझ्या लेकीचं, संपदाचं, दहावीचं वर्ष. तिला अभ्यासाला ही एकच खोली आहे हो."

"पाठ अशी असेल तर काय गरज आहे?" डॉक्टर आजींना उताणं करत म्हणाले. "सकाळी कुणीतरी येऊन अंग पुसून गेलं तरी भागेल. जखम झाली असती तर गोष्ट वेगळी होती. मग रात्रंदिवस माणूस हवंच. सोमवारी येतो, परत बघू. अशीच असली तर द्या बाईंना सुट्टी."

रंभाच्या तोंडावरचा पदर तिथेच राहिला.

डॉक्टरांना दारापर्यंत सोडून विनया परत आली, तेव्हा रंभा म्हणाली, "वहिनी, मी हाय म्हनून पाठ अशी हाय ना."

"अगं, नाही कोण म्हणतंय? एवढं कौतुक करून गेले ते. आणि तुलाही बरंच की. लेकीजवळ राहायला मिळेल."

नवऱ्याच्या कारखान्याला कुलूप लागून वर्ष होत आलं होतं. पोरीच्या दुधाचा डबा ह्याच खाटेच्या पगारावर येत होता. पण हे विनयाला कुठे सांगत बसायचं? रंभाने हातातली उशी आजींच्या डोक्याखाली सारली आणि खाटेजवळ खाली बसली. विनया चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली.

खोलीत दोघीच उरल्या. आजींची उजवी बाजू आणि वाचा एकाच सकाळी गेली होती. कान मात्र शाबूत. कुकरच्या शिट्ट्या त्या डाव्या हाताच्या बोटांवर मोजून दाखवायच्या.

पाच वाजले. कूस बदलायची वेळ.

रंभा उठली नाही. मांडीत हात घेऊन बसून राहिली. आज शुक्रवार. दोन दिवस पुरतात. ब्युरोच्या बाकावर बायका सांगायच्या, एक अख्खी रात्र बाईचा डोळा लागला तर सकाळी पेशंटच्या कमरेखाली लाल चट्टा उमटलेला असतो.

पाच वाजून पाच. पाच वाजून दहा. आजी तिच्याकडेच बघत होत्या.

रंभा ताडकन उठली.

"चला आजी. मेली मी पन कशी बसून राहिले बघा! चला, खिडकीकडं तोंड करू. ती वसईची केळीवाली येईल आता, तिच्याशी भांडायचं ना आपल्याला?"

तिने नेहमीसारखा एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि ओढलं. अंग येईना. गाउन कुठे अडकला की काय म्हणून तिने वाकून बघितलं.

आजींच्या डाव्या हाताने खाटेचा लोखंडी गज घट्ट धरला होता.

"आजी, सोडा. वळायचंय ना?"

आजींनी मान हलवली. नाही.

रंभाने एक बोट सोडवलं. दुसरं सोडवेपर्यंत पहिलं परत मिटलं. तिच्या डोळ्यांत बघत आजींनी आपली पाठ गादीत आणखी घट्ट रोवली.