उद्या शाळा आहे का?

"शोभाकाकू, फक्त हो की नाही एवढंच सांगा. उद्या शाळा आहे का?" शेजारची इला फोनवर अगदी काकुळतीला आली होती.

"मला काय ठाऊक?" शोभाताई म्हणाल्या.

"तुमची स्वतःची मुलगी ठरवते आणि तुम्हाला ठाऊक नाही? मला बेबीसिटर अरेंज करायची आहे हो!"

"अगं, बर्फ पडला तर ती पहाटे रस्ते बघून ठरवते. आणि आधी ठरलं असतं तरी तिनं मला सांगितलं नसतं. बरं, ठेवते."

फोन ठेवला तरी त्यांचं हसू काही मावळेना. अमेरिकेतल्या पार्सिपनीजवळच्या या गावातल्या सगळ्या शाळा त्यांच्या ज्ञानदाच्या एका शब्दावर उघडत आणि बंद होत. सुपरिंटेंडेंट! साताऱ्याला मुख्याध्यापिका म्हणून उभा जन्म काढलेल्या बाईला याहून मोठं काय हवं? अंगात ताप असला तरी त्या शाळेचं कुलूप वेळेवर उघडत. "शाळा आपल्या सोयीनं बंद ठेवायची नसते," हे ज्ञानदाला लहानपणी पाढ्यांबरोबर पाठ झालं होतं.

पण आज खुद्द बाईंच्याच मनात चोर शिरला होता. परवा त्यांचं परतीचं विमान होतं, आणि एवढ्या मुक्कामात लेकीबरोबर निवांत असा एक दिवस मिळाला नव्हता. शनिवार-रविवारीसुद्धा तिच्या मीटिंगा. उद्याही शाळा असली, तर दिवसभर बोर्डाची बैठक. शाळा नसली, तर बैठकही नाही. मग लेकीला पुढ्यात बसवायचं, डोक्याला कोमट तेल चोळायचं आणि मनसोक्त गप्पा मारायच्या. एवढंच मागणं होतं. पुढच्या वेळी गुडघे इतका प्रवास करू देतील, याचा भरवसा नव्हता.

मात्र यातलं अवाक्षर काढायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. असल्या कामात आईनं लुडबुड केली, तर लेकीला चारचौघांत मान वर करायची सोय राहायची नाही.

रात्री जेवताना बारा वर्षांच्या आन्यानं आजीला धडे दिले.

"आजी, स्नो डे, म्हणजे बर्फाची सुट्टी हवी असेल ना, तर यू हॅव टु डू थ्री थिंग्ज. टॉयलेटमध्ये आइस क्यूब्ज फ्लश करायचे. उशीखाली चमचा ठेवायचा. अँड पजामा इनसाइड आउट घालून झोपायचं. इथे सगळी मुलं करतात."

"आणि बर्फ पडतो?"

"समटाइम्स."

ज्ञानदानं वरणभातातून मान वर केली नाही. "त्यानं काही होत नाही. टेकडीचा रस्ता बस चढते की नाही, त्यावर ठरतं. आणि आई, आमच्याकडच्या कितीतरी मुलांना दिवसातलं एकच गरम जेवण मिळतं, ते शाळेत. उगाच बंद करून कसं चालेल?"

"बरोबर आहे तुझं," शोभाताई म्हणाल्या.

मागचं आवरताना आसपास कोणी नाही असं पाहून त्यांनी एक चमचा हळूच पदराआड केला. स्वतःचंच हसू येत होतं, पण गरजवंताला अक्कल नसते. मग त्यांनी फ्रीजर उघडला. बर्फाचा ट्रे रिकामा होता.

आन्या आपल्याआधीच पोचली तर! त्यांना बरंच वाटलं. दोघींचं मागणं एक असलं की देवालाही सोपं जाईल. तिसऱ्या उपायाला मात्र त्यांनी लांबूनच हात जोडले. या वयात गाऊन उलटा घालायचा म्हणजे अतिच झालं.

पहाटे गाडी सुरू झाल्याच्या आवाजानं त्यांना जाग आली. खिडकीबाहेर सगळं पांढरंशुभ्र. शोभाताईंनी उशीखालच्या चमच्याला चक्क नमस्कार केला आणि खाली जाऊन चहा टाकला. ज्ञानदा टेकडीचा रस्ता बघायला गेली होती. थोड्या वेळानं आन्या उतरली. अंगात चांदण्या छापलेला पजामा, केस पिंजारलेले आणि हातात व्हायोलिनची पेटी.

दार उघडून ज्ञानदा आत आली. बुटांना बर्फ, अंगात गळ्यापर्यंत बंद केलेला लांब कोट, कानाला फोन.

"आय ड्रोव्ह इट ट्वाइस," ती पलीकडच्या माणसाला सांगत होती. "बर्फावर मीठ टाकणारे ट्रक्स येऊन गेलेत. द हिल इज क्लिअर." मग चहा गाळणाऱ्या आईकडे तिनं पाहिलं. "नो. नो डिले. वी ओपन ऑन टाइम."

शोभाताईंचा हात थबकला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. गेला तो दिवस. पण त्याहून जास्त ऊर भरून आला. अख्खं गाव सुट्टीकडे डोळे लावून बसलेलं, पण हिला कुणाची भीड नाही की मुर्वत नाही. माझी लेक!

"यस!" आन्या ओरडली. "आज माझं ऑर्केस्ट्राचं ऑडिशन आहे!"

"मग काल तो बर्फ कशाला ओतलास गं?" शोभाताईंनी विचारलं.

"मी? आजी, दॅट्स फॉर लिटल किड्स! मी नाही काही ओतलं."

"मग ट्रे रिकामा कोणी केला?"

ज्ञानदा पाठमोरी उभी राहून कोट काढत होती. तिनं तो खुंटीला अडकवला. आत रात्रीचाच सदरा-पजामा होता. खांद्यावरच्या शिवणी, खिशाची आतली पिशवी आणि मानेमागची मापाची पट्टी, सगळं बाहेरच्या बाजूला होतं.