दारातला ठिपका

गाडी चालवता चालवता नंदकुमारांची शुगर एकदम खाली गेली. "ज्योती, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. गाडी कडेला घेतलीय, पण कुठे आहे ते कळत नाही," एवढंच ते फोनवर बायकोला बोलले आणि फोन तुटला. पुन्हा लागलाच नाही. सकाळी ते डोकमर्डीच्या घरातून खानवेलच्या पुढे, डोंगरात जायला निघाले होते.

ज्योतीने टोकरखाड्याला राहणाऱ्या अद्वैतला फोन लावला. तो नंदकुमारांच्याच कंपनीतला, आणि त्यांच्यासारखाच हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचा, वेडा. मोबाइलला रेंज नसली तरी नंदकुमारांच्या गाडीतला रेडिओ आपली जागा सारखी कळवत राहायचा आणि अद्वैतच्या कॉम्प्युटरवर, नकाशात, ठिपका उमटायचा.

"अद्वैत, बघ रे लवकर, कुठे आहेत ते. कोणीतरी साखर तरी घेऊन पोचू दे."

"वहिनी, घाबरवलंत की मला. सर आलेसुद्धा. ठिपका तुमच्या दारात आहे."

फोन कानाशी धरूनच ती दाराकडे धावली. गाडीची जागा रिकामी होती. खिडकीच्या कट्ट्यावर, रेडिओला गाडीची जागा सांगणारा, काडेपेटीएवढा जीपीएस पडला होता. सकाळी गाडी धुताना तिनेच तो टपावरून काढून ठेवला होता. तो नसला की रेडिओ शेवटची जागाच पाठवत राहतो, हे नवऱ्याने तिला हौसेने समजावलं होतं.



"हे बघा, आत्ता परत सिग्नल आला," अद्वैत हसत म्हणाला. "सर घरीच आहेत, वहिनी."