नव्या डॉक्टरचे हात

बँडेज सोडलं आणि मोठ्या सिस्टरला तो वास आला. तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. गेल्या काही आठवड्यांत जखम चिघळलेला हा तिसरा पेशंट, आणि हा तर तिचा सख्खा धाकटा भाऊ.

"काय गं ताई, बरं आहे ना?" धाकट्याने विचारलं. तो वायरमन होता. खांबावरून पडून नडगीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवली होती. "खांबावर कधी चढू?"

"आधी पलंगावरून उतर, मग खांबाचं बघू."

तिने खिशातून कात्री काढली, गॉज बेताचं कापून जखमेवर ठेवलं. ही छोटी कात्री धाकट्यानेच पहिल्या पगारातून घेऊन दिली होती. सिस्टर एकवेळ चष्मा विसरतील पण कात्री नाही, असं सगळा वॉर्ड तिला चिडवायचा. गॉज असो, बिस्किटाचा पुडा असो, दुसरी कात्री तिच्या हाताला रुचतच नसे.

मग तिने नळाखाली हात धुतले, अगदी कोपरापर्यंत. कात्रीही धुतली. स्वच्छतेच्या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. शिकाऊ नर्सेस तिच्यापुढे चळचळा कापत.

मग घोडं पेंड खात होतं कुठे? सिस्टरच्या मते त्यात डोकं खाजवण्यासारखं काही नव्हतं. तिघांचीही ऑपरेशनं नव्या डॉक्टरने केली होती. हा प्राणी हात धुताना शिट्टी वाजवायचा! बोटातली अंगठी काढून खिशात टाकायचा आणि बाहेर आला की लगेच चढवायचा. असल्या माणसाच्या हाती आपण भाऊ सोपवला कसा, या विचाराने तिचा जीव तिळतिळ तुटायचा.

दुपारी तो राउंडला आला. जखम पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

"सिस्टर, यांचं ड्रेसिंग कोण करतं?"

"मी. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

"आणि त्या आधीच्या दोघांचं?"

"तेही मीच. का, काही कमी पडलं का?"

"नाही, नाही. सहज विचारलं."

सहज! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतः करून ठेवायचं आणि दुसऱ्याच्या माथी मारायचं. चांगलंच ओळखून होती ती असल्यांना.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या प्रमुखांच्या, मोठ्या सरांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ती आत शिरली तशी सर आणि नवा डॉक्टर दोघेही बोलता बोलता गप्प झाले. कुठेतरी पाणी मुरत होतं, यात आता शंकाच नव्हती.

"सर, मी आडपडदा ठेवत नाही," ती म्हणाली. "तीन माणसांच्या जखमा नासल्या. थिएटर तपासा. यांचे हात तपासा."

"तपासायचं तर सगळंच तपासू, सिस्टर," सर म्हणाले.

"माझी काहीच हरकत नाही," नवा डॉक्टर म्हणाला. तो इतक्या चटकन हो म्हणाला, की तिचा संशय दुप्पट झाला.

दुसऱ्या दिवशी लॅबवाल्या बाई कापसाच्या काड्या घेऊन आल्या. नळाची तोटी, ट्रॉलीची मूठ, दाराची कडी, शिकाऊ नर्सेसचे हात, सिस्टरचे हात, सिस्टरची कात्री, टेबलावरचा फोन, ज्याला म्हणून कुणाचा हात लागतो त्या सगळ्यावरून त्यांनी काडी फिरवली. नव्या डॉक्टरची अंगठी तर सिस्टरने स्वतः मागून घेतली आणि बाईंच्या पुढ्यात धरली.

"नीट घासा हं, बाई. घाण बसते ती खाचेतच."

नवा डॉक्टर कसनुसं हसला. हसू दे, ती मनात म्हणाली. हसं होईलच थोड्या दिवसांत.

पण निकाल यायच्या आधी धाकट्याला ताप भरला. पाय मांडीपर्यंत सुजला, लाल झाला. नव्या डॉक्टरने तिला बाजूला घेतलं.

"सिस्टर, विष अंगात पसरतंय. पाय ठेवला तर माणूस हातचा जाईल."

"तुम्हीच नासवा आणि तुम्हीच कापा!" ती इतक्या मोठ्याने ओरडली, की अख्खा वॉर्ड माना वळवून बघायला लागला. "माझ्या भावाला आता बोट लावायचं नाही तुम्ही!"

मोठे सर आले. त्यांनी पाय पाहिला आणि तेच सांगितलं.

धाकट्याने तिचा हात घट्ट धरला. "ताई, तू काय म्हणतेस? माझं लहानपणापासूनचं सगळं तूच बघितलंस. तू म्हणशील तसं."

तिने होकारार्थी मान हलवली. ऑपरेशन मोठ्या सरांनी केलं. नव्या डॉक्टरला तिने थिएटरच्या दारातसुद्धा उभं राहू दिलं नाही.

ताप उतरला. धाकटा उशीला टेकून बसायला लागला. पाय गुडघ्याच्या वरून गेला होता, तिथे चादर एकदम सपाट व्हायची. त्या जागेकडे बघायचं तो टाळत होता.

"रडू नकोस ताई. जीव तर वाचला."

"रडतंय कोण?" तिने डोळे पुसले, हात धुतले, ड्रेसिंग सोडलं. "ही जखम बघ कशी भरते ती. हिला त्याचा हात लागलेला नाही." मग खिशातून कात्री काढून तिने गॉज बेताचं कापलं आणि अगदी अलगद, फुंकर घालावी तसं जखमेवर ठेवलं.

तेवढ्यात दारातून मोठे सर आत आले. मागे लॅबवाल्या बाई, त्यांच्या मागे नवा डॉक्टर. आज त्याची शिट्टी बंद होती आणि मान खाली.

"सापडलं का, सर?"

"सापडलं," सर म्हणाले. "तिघांच्या जखमेत होता तोच जंतू. बाकी सगळं स्वच्छ निघालं, फक्त एका ठिकाणी होता."

सिस्टर उठून उभी राहिली. नव्या डॉक्टरवर तिने डोळे रोखले. "मग बोला ना सर, सगळ्यांसमोर बोला! माझ्या भावाला कळू दे, त्याचा पाय कुणामुळे गेला ते."

सरांनी धाकट्याकडे पाहिलं नाही. लॅबवाल्या बाईंनी हातातला स्टीलचा ट्रे पुढे केला. तो रिकामा होता.

"सिस्टर," सर हळू आवाजात म्हणाले, "ती खिशातली कात्री आधी यात ठेवा."