दोन ते अडीच

"मोकळ्या वेळात तुम्ही काय करता?" परीक्षक बाईंनी इंग्रजीत विचारलं आणि टेबलावरचं रेकॉर्डिंगचं यंत्र समोर बसलेल्या नर्सच्या बाजूला जरासं सरकवलं.

उत्तर तोंडपाठ होतं. इंग्रजीच्या क्लासच्या सरांनी अख्ख्या बॅचला एकच छंद वाटून दिला होता, बागकाम. गुलाब, माती, पहाटेचं पाणी, मनाला शांती. मागच्या दोन्ही खेपांना तिने हे सगळं घडाघडा म्हणून दाखवलं होतं, आणि दोन्ही खेपांना पुढच्याच प्रश्नाला तिची दातखीळ बसली होती. गुलाबाला कीड लागली तर काय करता, म्हणे. आता चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीत वाळत घातलेल्या कपड्यांखेरीज दुसरं काही नाही, तिथे कसला गुलाब आणि कसली कीड. अर्ध्या गुणाने गेली बिचारी. परदेशातल्या हॉस्पिटलची नोकरी त्या अर्ध्या गुणावर अडकून बसली होती आणि ही शेवटची खेप होती. महिनाअखेरीला ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

"बागकाम," ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली. दमलेल्या दिसत होत्या. सकाळपासून त्याच क्लासच्या सहा जणी आत येऊन गेल्या होत्या आणि सहाही जणींनी गुलाब लावले होते. "काय काय लावलंय?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर ऐकायच्या आधीच पेनचं टोपण लावलं.

ते टोपण लागलेलं पाहिलं आणि हिचं डोकं फिरलं. बावीस वर्षं लोकांच्या उलट्या पुसल्या, जखमा धुतल्या, लघवीची भांडी काढली, त्यात कधी लाज वाटली नाही, आणि इथे येऊन नसलेल्या झाडांना पाणी घालत बसायचं?

"काही लावलेलं नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे साधी कुंडीसुद्धा नाही. ते खोटं सांगितलं. मोकळ्या वेळात मी काहीच करत नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. पण ते नीट करते."

बाईंनी टोपण काढलं. "सांगा."

आता माघार कसली. वॉर्डाच्या टोकाला चादरींची खोली आहे, तिने सांगितलं. दुपारी दोनला लाँड्रीतून गरम चादरींची गाठोडी येतात. त्याच वेळी माझी ड्यूटी संपते. मी आत जाते, कडी लावते, बूट काढते, मोजेही काढते. फाटक्या चादरी फडक्यांसाठी कोपऱ्यात टाकलेल्या असतात, त्यांच्यावर बसते आणि गरम गाठोड्याला पाठ टेकते. झोपत नाही. फोन बघत नाही. देवाचं नावही घेत नाही, त्यालाही तेवढाच आराम. पायाची बोटं सकाळपासून बधिर झालेली असतात, ती एकेक करून जागी होतात, ते बघते. बाहेर कुणी सिस्टर म्हणून हाक मारतं. तेव्हा दुसरी सिस्टर ड्यूटीवर असते, ती जाते.

इंग्रजी कुठे लंगडत होतं, कुठे अडखळत होतं, पण थांबत नव्हतं. तिचं तिलाच नवल वाटलं.

"सोपं आहे की," बाई म्हणाल्या.

"अजिबात नाही. पहिला महिनाभर मी बसल्या बसल्या घरच्या कामांच्या याद्या करत होते. नुसतं बसणंही शिकावं लागतं."

"आणि घरचे काय म्हणतात?"

"त्यांना माहीत नाही. माहीत झालं तर त्या अर्ध्या तासाला काम लागेल."

बाईंनी मान खाली घातली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. त्या हसल्या की काय ते तिला कळलं नाही. वेळ संपून वर एक मिनिट झालं होतं.

बाहेर बाकावर क्लासचे सर आणि तिचा नवरा शेजारी शेजारी बसले होते. नवऱ्याच्या मांडीवर तिची पर्स होती.

"गुलाब सांगितले ना?" सरांनी उठत विचारलं.

"नाही सर. मोकळ्या वेळात काही करत नाही, असं सांगितलं."

सरांनी कपाळाला हात लावला. "अहो, काय हे. चार महिने घसा कोरडा केला मी. आता गुण कापतील."

"कापू देत. दोनदा तुमच्या गुलाबांचे कापले. आता कापले तर निदान माझे कापतील."

सर पुढच्या विद्यार्थिनीकडे वळले. ती भिंतीकडे तोंड करून गुलाब घोकत होती.

नवरा मात्र तिथेच उभा होता. माणूस वाईट नव्हता, फक्त सवयीचा गुलाम होता. सकाळी तिला डबा द्यायला तो कधी उठला नाही आणि उठायला हवं होतं असं त्याला कुणी सांगितलंही नाही. "काही करत नाही म्हणजे काय?" तो म्हणाला. "तुला मोकळा वेळ असतो तरी कधी?"

"असतो. दोन ते अडीच."

"दोन ते अडीच?" त्याने जरा विचार केला. "पण तुझी ड्यूटी तर अडीचला सुटते ना?"

थाप तयार होती. मीटिंग, औषधांची नोंद, बदली सिस्टर उशिरा येते. या हॉस्पिटलातल्या अकरा वर्षांत तिने या थापा नीट घडी घालून ठेवल्या होत्या, लागेल ती हाताशी यावी म्हणून.

"दोनला सुटते," ती म्हणाली आणि त्याच्या हातातून आपली पर्स घेतली. "पहिल्यापासून दोनलाच सुटते. आणि उद्याही मी अडीचलाच निघणार आहे."