आकसलेलं मँडोलिन

उमाजीअण्णांचं मँडोलिन आकसलं होतं. तरुणपणी त्याच्या दोन पडद्यांच्या मध्ये त्यांचं बोट ऐसपैस बसायचं. आता एक बोट टेकवलं की तीन पडदे झाकले जात. सांधे धरलेत, बोटं सुजलीत, असं डॉक्टरांचं म्हणणं. अण्णांनी डॉक्टरांनाच समजावलं, की बेंगळूरची थंडी जुन्या लाकडाला सोसत नाही. आनेकलच्या एका माणसाची सतार अशीच आकसत गेली, आणि शेवटी तो ती सदऱ्याच्या खिशात घालून मैफलीला जायचा.

"आणि बायकोनं ती सदऱ्यासकट धुतली," सकवारबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याची ही गोष्ट त्यांना पाठ झाली होती.

चामराजपेटेतल्या घराच्या पुढच्या खोलीत त्या भिजवलेले अवरे, म्हणजे पावट्याचे दाणे, सोलत बसल्या होत्या. दाणा चिमटीत दाबायचा. साल हातात राहते, दाणा टुणकन पातेल्यात. नातीनं, दिव्यश्रीनं, पातेलं बाजूला सरकवलं आणि तिथं एक काळी पिशवी ठेवली.

"काय गं हे?"

"अज्जाला. शुक्रवारच्या भजनासाठी."

शुक्रवारी भवानीच्या देवळात भजन असे. दोन वर्षं सकवारबाई तिथं नुसत्या टाळ वाजवून परत येत होत्या. पेटी नको, मोबाइलमधला तंबोरा नको. मँडोलिन नाही तर पद नाही, एवढंच त्यांचं उत्तर. म्हणजे आपल्या बोटांपायी हिचा गळा बंद पडला, असं अण्णांनी मनाशी धरलं होतं. जगातली ही एकच गोष्ट ते कुणाला रंगवून सांगत नसत.

पिशवीतून गिटार निघालं. आखूड दांडीचं, कडेवर घ्यावं एवढं. खुंट्या मात्र बारा.

"गिटार," अण्णा म्हणाले. "कॉलेजातली पोरं जिन्यात बसून वाजवतात ते."

"गिटार कुठलं अज्जा? हे न आकसलेलं मँडोलिन आहे."

अण्णांनी नातीकडे आदरानं पाहिलं. घरात कुणीतरी आपल्यावर गेलं होतं. मग नखी घेऊन त्यांनी ती तारांवरून फिरवली.

आवाज चढा निघाला, किणकिणता, ओळखीचा. मँडोलिनच बोलत होतं, फक्त आता त्याला पोट होतं. सकवारबाईंचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा अवऱ्यांकडे वळला.

अण्णांनी कान खाली नेला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"फसवलं तुला दुकानदारानं. ही जोडी बघ. एक तार जाड, एक बारीक. मँडोलिनात जोडीच्या दोन्ही तारा सारख्या असतात."

"यात असंच असतं. दोन जोड्या सारख्या. बाकीच्या चारांत एक तार खालच्या सप्तकातली, दुसरी वरच्या. सूर एकच, दोन मजल्यांवर."

"दोन मजले काय करायचेत? मी देवनहळ्ळीच्या किल्ल्यात वाजवलं तेव्हा वटवाघळं भर दुपारी बाहेर येऊन सरळ टांगली होती, डोकं वर करून. सारख्या जोडीवर." त्यांनी कपाटातून पक्कड काढली. "स्वल्प थांब. बारीक तारा काढतो, जोडीला जाड लावू."

"आधी वाजवून तर बघ. बोट मावतंय का ते बघ."

अण्णांनी पक्कड मांडीशी ठेवली. एक बोट दांडीवर टेकवलं, जरा भीत भीतच. ते दोन पडद्यांच्या मध्ये बसलं, शेजाऱ्याला धक्का न लावता. मग दुसरं. त्यांनी देवीच्या पदाची पहिली ओळ धरली, जुन्या सवयीनं नखी थरथरवत. जाड तार खालून चालली होती, बारीक तिच्या डोक्यावरून.

ओळ संपली तशी त्यांनी पक्कड उचलली.

"ती काढू नका," सकवारबाई म्हणाल्या.

"अगं, पण जोडी—"

"राहू दे म्हटलं ना. ती बारीक तार राहू दे."

त्यांच्या चिमटीत एक दाणा तसाच होता. त्या पातेल्यात बघत बोलल्या.

"वरचा सा हल्ली फार वर गेलाय. पूर्वी इथंच असायचा, हाताशी. आता मी जाते तोवर तो तिथं नसतोच."



अण्णा पक्कड हातात धरून राहिले. दोन वर्षं हिचं गप्प बसणं त्यांनी आपल्या बोटांच्या नावावर लावलं होतं. आणि हिनं मँडोलिनच्या. आता हिनं त्यांच्यापुढे ठेवलेली थाप त्यांनी आयुष्यभर मारलेल्या थापांच्या तोडीची होती, आणि या बाबतीत अण्णांना उगाच कौतुक करण्याची सवय नव्हती.

"मेट्रोमुळे," ते गंभीरपणे म्हणाले. "रूळ वर गेले, तेव्हापासून या गावात सगळंच वर गेलं. सा तरी बिचारा एकटा खाली कसा राहील?"

"मला वाटलंच होतं," सकवारबाई म्हणाल्या.

"सरी, ठीक आहे. मग तू खालूनच घे."

"खालूनच घेते. भजनातले हसतील."

"हसू देत. त्यांचं काय काय आकसलंय ते मला माहीत आहे."

दिव्यश्रीनं अण्णांच्या हातातली पक्कड अलगद काढून घेतली.

सकवारबाईंनी तो दाणा पातेल्यात टाकला, हात पदराला पुसले आणि खालच्या सुरात पद उचललं. आवाज घोगरा होता, पण सुरावर पाय रोवून होता. पद चढत चढत त्या जुन्या जागी आलं तसं अण्णांनी बायकोकडे न बघता नखीचा हात जरा हलका केला. सकवारबाई खालीच राहिल्या. बारीक तार वर गेली, आणि त्यांची जागा धरून बसली.